दुकान उघडेपर्यंत

इर्या कल्लिओच्या तळघरात उतरायला अकरा पायऱ्या.
बारावी नाही. तिथे पाय हवेत पडतो.
हे ती आधी सांगत नाही.

भिंतीवर करडा डबा, साठ अँपिअरचा.
आत आठ फ्यूज, काचेच्या डोळ्यांचे,
झाकणावर पेन्सिलीनं, फिनिश भाषेत,
तिच्या नवऱ्याचं अक्षर: स्वयंपाकघर. पंप. जिना.
सहाव्यासमोर: मुलाची खोली.

तिला सौनासाठी विजेची भट्टी हवी.
लाकडं फोडणं आता खांद्याला झेपत नाही,
आणि सौना सोडायचा तर, ती म्हणाली,
मला आत्ताच पुरा.
भट्टी एकटीच चाळीस मागते.
मी हिशेब कागदावर मांडला.
तिनं कागद न बघताच कॉफी ओतली.

नऊला वीज कंपनीच्या माणसानं खांबावरची वायर सोडवली.
बाहेर उणे चोवीस. थंडर बेवर
घासलेल्या पत्र्यासारखं आकाश.
घर गप्प झालं: आधी फ्रिज, मग फर्नेस,
मग कुठलंसं गुणगुणणं,
जे थांबल्यावरच कळतं की होतं.

एकेक फ्यूज मी फिरवून काढत गेले.
फ्यूजचा धर्म साधा:
घरावर वेळ आली की आधी आपण जळायचं.
सहावा हातात आला आणि त्याच्या मागे
काळं पडलेलं तांब्याचं नाणं. एक पेनी.
एका अंगाला राणी, तरुण. दुसऱ्या अंगाला मेपलची डहाळी.
वायरीचं आवरण बोटांत सुटलं
भाजलेल्या कांद्याच्या सालीसारखं.

वीस वर्षं हे काम करते.
पोटात गोळा अजून येतो.

वर जाऊन नाणं टेबलावर ठेवलं.
तिनं चष्मा शोधला नाही.
"एकसष्टचा फेब्रुवारी," म्हणाली.
"तापिओ पाच महिन्यांचा, छातीत घरघर.
हीटर लावला की फ्यूज उडायचा.
रात्रीत तीन उडाले. चौथा घरात नव्हता.
वेइक्को म्हणाला, दुकान उघडेपर्यंत चालेल."

"मग?"

"मग उघडलं असेल की दुकान."

चार शब्द सुनवावेत म्हटलं.
इतकी वर्षं, इतके हिवाळे,
एका पेनीच्या भरवशावर झोपलं हे घर,
ख्रिसमसचे दिवे, इस्त्री, शिवणयंत्र, सगळ्यांसकट.
पण ती माझ्या बोटांकडे बघत होती. निळी पडली होती.
"सौना पेटलाय. लाकडांवरचा शेवटचा.
बस जा जरा. भिंत काही पळत नाही."

बसले. कोट न काढता, सगळ्यात खालच्या फळीवर,
हातात स्क्रूड्रायव्हर तसाच.
बर्चचा वास. दगडांवर पाणी टाकायचा धीर झाला नाही.

दुपारी नवं पॅनेल चढवलं. दोनशे अँपिअर, चाळीस घरं.
अर्थिंग नव्यानं जोडलं.
मुलाच्या खोलीची वायर भिंतीतून ओढून काढली,
नवी घातली; त्यातच दोन तास गेले.
इन्स्पेक्टर देरोझिए आले, बाराव्या पायरीवर शिवी हासडून,
टॉर्च मारून सगळं पाहिलं, सही केली, कॉफी नको म्हणाले,
दोन कप प्याले.

उरली फक्त नावांची पट्टी.
"सहाव्याला काय लिहू? शिवणाची खोली?"
मुलगा कॅल्गरीत. टक्कल पडलेला. दर रविवारी फोन करून
घर वीक म्हणतो.
"मुलाची खोली," ती म्हणाली. "आणि अक्षर नीट काढ.
त्याच्यासारखं नको, त्याचं मलाही लागत नसे."

पेनी तिनं एप्रनच्या खिशात टाकली.
आता कुठलंच दुकान ती घेत नाही.

"आणि ही एकोणीस घरं रिकामी का?"
"पुढेमागे लागली तर."
सत्त्याऐंशी वर्षांची बाई. "अस्सं," म्हणाली,
आणि सहावा ब्रेकर एकदा पाडला, एकदा उचलला.
खटका आवडला असावा.
पुन्हा पाडला.